एक दिवस मावळाला द्या



दिवाळीचा फराळ संपला की आपल्या मंडळातल्या निम्म्याअधिक घरांत भारतवारीची गडबड सुरू होते. तिकिटं उन्हाळ्यातच काढलेली असतात. आता उरतात बॅगांची वजनं, लग्नांच्या तारखा आणि मुंबईला उतरल्यावर पुण्याला कसं जायचं हा प्रश्न. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. विमानतळावर गाडी बोलवायची, द्रुतगती मार्गाला लागायचं, फूड मॉलवर वडापाव आणि चहा घ्यायचा आणि प्रवासाने शिणलेला डोळा लागतो न लागतो तोच पुणं. २००२ साली हा रस्ता पूर्ण झाला आणि घाटात तासन् तास अडकून पडण्यातून सुटका झाली. ते दिवस पाहिलेली माणसं त्याचे उपकार विसरणार नाहीत. पण त्याच रस्त्यामुळे मावळ तालुका आपल्यासाठी, आणि आपल्या मुलांसाठी तर नक्कीच, खिडकीबाहेरून पळणारी डोंगरांची रांग एवढाच उरला. या अंकात मला एकच विनंती करायची आहे. यंदाच्या वारीतला एक सबंध दिवस मावळासाठी काढा आणि जुन्या रस्त्याने जा.

इथे इंग्लंडमध्ये आपण हे हौसेने करतो. मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला गाडी काढून कॉट्सवोल्ड्सची गावं हिंडतो. नॅशनल ट्रस्टची पाटी दिसली की गाडी वळवतो. चौदाव्या शतकातलं चर्च आहे म्हटलं की मुलांना हाताला धरून आत नेतो, भिंतीवरचा मजकूर वाचून दाखवतो. हे फार चांगलं आहे. मात्र त्या चर्चहून बाराशे वर्षांनी जुनं लेणं लोणावळ्यापासून गाडीने पाव-अर्ध्या तासावर आहे आणि आपल्यातल्या बहुतेक मुलांनी ते पाहिलेलं नाही, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

खोपोलीला जुना रस्ता धरलात की बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. गाड्यांचे चालक तिथे हात जोडतात, नाणं टाकतात आणि पुढे जातात. आगगाडीसाठी घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला ती दाखवली आणि मोबदल्यात देशाचं स्वातंत्र्य मागितलं म्हणून त्याला गोळी घातली, अशी त्या भागातली कथा आहे. कागदोपत्री इतिहासात दुसरं एक नाव सापडतं. या रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि काम तडीला नेलं. पंचवीस बोगदे, सुमारे १८०० फुटांची चढण आणि १८६१ च्या जानेवारीत कामावर असलेली जवळजवळ ४२,००० माणसं! कॉलरा, ताप आणि अपघात यांनी त्यांतली हजारो गेली. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. त्या मजुरांपैकी कुणाची नावं कोरलेली नाहीत. शिंग्रोबाच्या देवळात नाणं टाकताना मला त्यांचीही आठवण होते, आणि मुलांना हे देऊळ दाखवावं असं वाटतं ते त्यासाठीच.

लोणावळ्यात फार रेंगाळू नका, असं मी म्हणेन. चिक्की जरूर घ्या. योगाची आवड असेल तर १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेलं कैवल्यधाम बाहेरून का होईना, पाहून घ्या. योगाच्या परिणामांचा प्रयोगशाळेत अभ्यास करायला त्यांनी सुरुवात केली, ती जगात इतरत्र फारसं कुणी याचा विचार करत नव्हतं तेव्हा. एरवी लोणावळा म्हणजे पावसाळ्यातली गर्दी, हीच ओळख आता होऊन बसली आहे आणि तिची किंमत फार मोठी आहे. २०२४ च्या जूनअखेर भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना पूल माणसांच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला. मावळ म्हणजे भिजायला जायची जागा, इतकंच ज्यांना ठाऊक असतं त्यांचे लोंढे एकाच ठिकाणी आदळतात. डिसेंबरातला मावळ निराळा. भात कापून झालेला असतो, खाचरं मोकळी असतात, बांधाला पेंढ्याच्या गंज्या रचलेल्या असतात, आणि सकाळी हवा इतकी स्वच्छ असते की लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना एकाच नजरेत भरतात.

कार्ल्याला मात्र वेळ द्या. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, हारफुलांची आणि पेढ्यांची दुकानं आहेत आणि वर पोहोचलं की चैत्यगृहाच्या अगदी दारात एकवीरा आईचं देऊळ आहे. मुंबई-कोकणातल्या कोळ्यांची ही कुलदेवता. चैत्रात पालख्या येतात तेव्हा डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. आधी दर्शन घ्या, मग चैत्यात शिरा. आत सुमारे १२५ फूट लांब आणि ४५ फूट उंच दालन आहे, त्यात ३७ खांब. वर बघा. छताला लागून लाकडाच्या कमानी दिसतील. दगडात कोरलेल्या लेण्याला या कमानींचा आधार मुळीच लागत नाही. लाकडी मंडप बांधायची सवय ज्या हातांना होती त्यांनी दगडातही तसाच मंडप मनात धरला आणि कमानी बसवल्या. त्यांतली बरीचशी लाकडं मूळची आहेत, म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपासची. सह्याद्रीच्या पावसात, दमट हवेत, अजून जागच्या जागी.

मग लेण्यातले कोरीव लेख पाहा. ब्राह्मी लिपी वाचता आली नाही तरी त्यांत काय आहे हे मुलांना सांगता येतं. धेनुकाकट नावाच्या गावातल्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने दाराचं दान दिलं. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचं काम केलं. बाहेरचा सिंहस्तंभ अग्निमित्रणक नावाच्या महारठीने दिला. काही खांब यवनांनी, म्हणजे ग्रीक वंशाच्या किंवा पश्चिमेकडून आलेल्या माणसांनी दिले. आणि वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल शेठने हे शैलगृह पुरं केलं आणि जंबुद्वीपात याहून उत्तम दुसरं नाही, असं कोरून ठेवलं. कुणा एका राजाने हे लेणं उभं केलं नाही. दूरगावचे, परमुलखातले लोक वर्गणी काढून एक वास्तू उभारतात आणि आपापलं नाव खाली लिहितात. गणेशोत्सवाच्या देणगीदारांची यादी दरवर्षी छापणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

भाजे मळवली स्टेशनाच्या पलीकडे आहे आणि कार्ल्याहून जुनं आहे, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातलं. तिथे गर्दी कमी. रथातला सूर्य, हत्तीवरचा इंद्र आणि एका बाजूला दाटीने उभे असलेले चौदा लहान-मोठे स्तूप एवढं पाहिलं तरी पुरे. तिथून चढाचा रस्ता थेट लोहगडवाडीला नेतो. शिवाजी महाराजांनी १६४८ मध्ये घेतलेला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात सोडावा लागलेला आणि १६७० मध्ये परत मिळवलेला हा किल्ला. चार दरवाजे एकामागून एक ओलांडत वर जायचं आणि शेवटी विंचूकाट्याच्या लांबलचक सोंडेवर वारा खात उभं राहायचं. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत लोहगड आहे. म्हणजे बाथ आणि स्टोनहेंज ज्या यादीत आहेत, त्याच यादीत. मुलांना हे आवर्जून सांगा.

लोहगडावरून खाली पसरलेलं पाणी दिसतं ते पवना धरणाचं. दुधिवऱ्याच्या खिंडीतून उतरलात की त्याच्या काठाने रस्ता जातो. आता तिथे तंबूंची रांग लागलेली असते, शनिवार-रविवारी शहरातली मंडळी रात्रीच्या मुक्कामाला येतात. हे पाणी ज्यांच्या शेतांवर चढलं त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न धरण होऊन अर्धशतक उलटलं तरी पुरता सुटलेला नाही. त्या पाण्याची बंद जलवाहिनी पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला, त्यांत एक बाई होती. आपण ज्या रस्त्यावरून झोपेत जातो तो हाच. गाडी हाकता हाकता मुलांना देखाव्याबरोबर हेही सांगायला हवं, कारण देखावा ज्यांच्या जमिनीत आहे ती माणसं अजून तिथेच राहतात.

गो. नी. दांडेकर तळेगावला राहत आणि या खोऱ्यांमधून आयुष्यभर हिंडले. ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ ही दोन पुस्तकं घरात असतील तर निघण्याआधी एक तरी वाचून काढा. पहिलं पवनेच्या काठचं, दुसरं राजमाचीचं. पुस्तक वाचून गेलेल्या माणसाला तुंगचा सुळका ओळखीचा वाटतो.

इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलांना मात्र मी वडगावला थांबवेन, आणि तिथे अगदी निवांत थांबवेन. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० माणसांची फौज राघोबादादांना पेशवाईवर बसवायला घाट चढून आली. बरोबर १९,००० बैल होते. घाटमाथ्यावरून कार्ल्यापर्यंतचे आठ मैल जायला तिला अकरा दिवस लागले. मराठ्यांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली. वाटेतली गावं रिकामी केली, चारा जाळला, पाणवठे बिघडवले, रसद तोडली. कार्ल्याला ४ जानेवारीला कॅप्टन स्ट्युअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. फौज तळेगावला पोहोचली तर गाव जळालेलं. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज गुपचूप मागे फिरले. पण महादजी शिंद्यांना पत्ता लागला होता आणि वडगावात इंग्रजांना चारी बाजूंनी कोंडलं गेलं. जानेवारीच्या मध्यावर तह झाला. १७७३ पासून बळकावलेला मुलूख परत देण्याचं आणि राघोबांना हवाली करण्याचं इंग्रजांनी कबूल केलं. वॉरन हेस्टिंग्जने तो तह पुढे झिडकारला, हा भाग निराळा. इथल्या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या इतिहासात हे प्रकरण मुलांना भेटत नाही, म्हणून ते आपण दाखवायचं.

आणि दाखवताना स्ट्युअर्टचं थडगंही दाखवायचं. मराठ्यांनी त्या शूर शत्रूला इष्टुर फाकडा म्हटलं. फाकडा ही पदवी त्या काळी आपल्याकडच्या मोजक्या लढवय्यांना मिळाली. वडगावात त्याची समाधी आहे आणि गावकरी तिच्यापुढे अजून हात जोडतात. चाल करून आलेल्या माणसाला जिंकणाऱ्यांनी असा मान द्यावा याचा मला मराठी म्हणून अभिमान वाटतो, महादजींच्या विजयाचा वाटतो तितकाच.

वडगावलाच भाताचं संशोधन केंद्र आहे. आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून १९८७ मध्ये इंद्रायणी हे वाण तिथून बाहेर पडलं. आपण वेंब्लीच्या दुकानात ज्याच्या पिशव्या शोधतो तो हा तांदूळ. दुपारचं जेवण कामशेत-वडगाव परिसरात, शक्यतो एखाद्या घरगुती खानावळीत घ्या. पिठलं, भाकरी, ठेचा आणि त्यावर हा मऊ, चिकट भात. बांधावर पॉलिहाउसं दिसतील, त्यांतले गुलाब फेब्रुवारीत युरोपला आणि आपल्या इथल्या दुकानांतही येतात. उजेड उरला तर तळेगावात सेनापती दाभाड्यांची समाधी आणि बनेश्वर, त्यापुढे इंदुरीची गढी आणि सुदुंबऱ्याला तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाड्यांचं समाधिस्थान. सगळं एका दिवसात होणार नाही. लहान मुलं असतील तर कार्ले आणि वडगाव एवढंच करा, मोठी असतील तर लोहगड धरा आणि तळेगाव पुढच्या वारीला ठेवा.

चार व्यवहाराच्या गोष्टी. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी टाळा, आठवड्याच्या मधल्या वारी निघा. भाड्याची गाडी असेल तर चालकाला जुन्या रस्त्याने जायचं हे आधीच सांगा आणि त्याच्या जेवणाची वेळ सांभाळा. गडावर पाण्याची बाटली न्याल ती खाली आणा. वाडीत फोटो काढण्याआधी मावशींना, आजोबांना विचारा. बहुतेक वेळा फोटोआधी चहाच पुढे येतो. करवंदं, जांभळं या दिवसांत मिळणार नाहीत, पण वालाच्या शेंगा आणि हिरवा हरभरा रस्त्याकडेला असतो. तो घासाघीस न करता घ्या.

मार्चच्या अंकात मुलांसाठी चार पानं राखून ठेवली आहेत. मावळात जाऊन आलेल्या मुलांनी जे पाहिलं ते मराठीत, जमेल तसं, लिहून पाठवावं. चित्र काढलं तरी चालेल. शुद्धलेखन आम्ही पाहून घेऊ. मजकूर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मंडळाच्या नेहमीच्या पत्त्यावर यावा.

आपला,
संपादक