घासण्याआधी वाचा

गेल्या महिन्यात एक पराक्रम केला. त्याबद्दल आज लिहितोय, म्हणजे निदान तुम्ही तरी तो करणार नाही.

वेल्ह्याजवळ आमचं जुनं घर आहे. (2024 साली मंत्रिमंडळाने तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. पण आत्या वेल्हंच म्हणते, त्यामुळे मीही.) त्या घराच्या माळ्यावर आज्जीची पितळी कळशी होती. तिचं माहेर भोरचं, तिथून लग्नात आलेली. पावसाळ्यात वेल्ह्यात महिनोन्महिने सगळंच ओलं असतं. त्या दमटपणात आणि चुलीच्या धुरात कळशी पार काळी-हिरवी झाली होती. मी म्हटलं, फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवू, मस्त दिसेल. पुण्यात एका दुकानात मशीनवर पॉलिश करायला दिली. दोन दिवसांनी आरशासारखी होऊन आली. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले, वाहवा मिळवली.

मग आत्या घरी आली. तिने कळशी हातात घेतली, फिरवली, मानेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवली.

"अरे, आईचं नाव कुठे गेलं?"

पूर्वी भांड्यांवर टिंबं ठोकून नाव घालायचे, बघितलं असेल तुम्ही. कळशीच्या गळ्याखाली आज्जीचं माहेरचं नाव होतं. लग्नात तिचं नाव बदललं, आडनाव तर बदलणारच होतं. नंतरच्या सगळ्या कागदांवर, रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत, सासरचंच नाव. लहानपणीचं नाव फक्त या कळशीवर होतं. मशीनने टिंबांच्या खोलीइतकं पितळ खरवडून काढलं आणि नाव गेलं. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तर आता दोन अक्षरं दिसतात, तीही आहेत असं समजून बघितलं तर.

सगळ्यात लागलं ते हे की मी ते नाव कधी वाचलंच नव्हतं. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच कळशीने पाणी भरलंय.

आत्या काही बोलली नाही. मी मात्र त्यानंतर चार शनिवार-रविवार भांडी घासण्यावर वाचण्यात आणि आत्याला प्रश्न विचारून भंडावण्यात घालवले. त्यातून एक मत तयार झालंय. आपण "स्वच्छ" आणि "चकचकीत" हे एकच समजतो, तिथे घोळ होतो. साफ करणं म्हणजे काहीतरी काढून टाकणं. काय काढतोय हे माहीत नसेल तर हात लावू नये. आमच्या धंद्यात डिलीट करण्याआधी बॅकअप घेतात. पितळेला बॅकअप नसतो.

तर आता कामाचं.

पितळ आणि तांबं. आज्जीची पद्धत म्हणजे चिंचेचा कोळ आणि मीठ, आणि ती पद्धत एकदम बरोबर आहे. चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं, मिठामुळे ते काम भराभर होतं. खालच्या धातूला फारसा धक्का लागत नाही. लिंबाची साल किंवा आंबट ताकही चालतं. पण दोन पथ्यं. एक, रात्रभर भिजत घालायचं नाही. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. आम्लात फार वेळ राहिलं की जस्त निघून जातं आणि भांडं गुलाबीसर दिसायला लागतं. दोन, लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचं. आंबट आणि मीठ अंगावर राहिलं तर चार दिवसांत हिरवं येतं, मग आपण पुन्हा घासत बसतो. हे सगळं मोरीत करा, किचनच्या मार्बलवर नको. आम्लाने मार्बल खातं आणि तो डाग जन्मभर राहतो. बाजारातल्या नव्या शोभेच्या वस्तूंवर लॅकरचा थर असतो, त्यांना चिंच लावलीत तर चट्टे पडतील. त्या नुसत्या ओल्या फडक्याने पुसायच्या.

कल्हई. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. आतून तारेच्या घासणीने घासायचं नाही, नाहीतर तुम्ही कल्हईवाल्याची मजुरीच घासून काढताय. आतून पिवळं दिसायला लागलं की आमटी, ताक, कढी असलं आंबट त्यात ठेवणं बंद. 'कळकणं' हा शब्द आपल्याकडे उगाच नाही आला. इथे मात्र हयगय नको. बाहेरून भांडं कितीही काळं असू दे, पण जिथे अन्न लागतं तिथे हिरवं अजिबात चालणार नाही.

चांदी. ही सगळ्यात आवडती. भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल पसरायची, त्यावर चांदीची वस्तू, चमचाभर खाण्याचा सोडा आणि वरून कढत पाणी. चांदी फॉइलला टेकली पाहिजे. काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधक यांचं संयुग. गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी राहते. म्हणजे हा डिलीट नाही, अन्डू आहे :) टूथपेस्टने घासलं तर दर वेळी थोडी चांदी जाते. फक्त ज्या दागिन्यांच्या नक्षीत मुद्दाम काळं भरलंय ते या पाण्यात घालू नका, नक्षी सपाट दिसेल. मोती आणि खड्यांचे दागिनेही नाहीत.

लोखंड. तवा, विळी, कोयता. धुतल्यावर लगेच कोरडं करून तेलाचा हात. बास. तव्याचा काळा थर म्हणजे घाण नव्हे, तो वर्षानुवर्षं तापून बसलेला तेलाचा थर आहे. त्याच्यामुळेच भाकरी चिकटत नाही. तो "साफ" करणारी एक व्यक्ती आमच्या घरात आहे. नाव सांगत नाही, हा ब्लॉग तीच लिहिते.

पाटा-वरवंटा आणि जातं. साबण नको, दगड तो पितो आणि मग चटणीला वास येतो. पाणी आणि ब्रश पुरे. गुळगुळीत झाला तर पाटा खराब झाला. त्याला टाकी लावून पुन्हा खडबडीत करावा लागतो.

घोंगडी. लोकर आहे हे विसरू नका. गरम पाणी, वॉशिंग मशीन आणि नेहमीची पावडर तिघंही नकोत, नाहीतर ती आटते आणि जड होते. गार पाण्यात रिठ्याचा फेस, पिळायचं नाही, सावलीत आडवी पसरून वाळवायची. खरं तर झटकून ऊन दाखवलं तरी बहुतेक वेळा भागतं.

सूप, टोपली, इरलं. गावाकडे हे चुलीच्या वर टांगलेलं असायचं. त्या धुराने बांबूला कीड लागत नाही. आपण ते आणून काजळी साबणाने धुतो, ओलं भिंतीला लावतो आणि सहा महिन्यांनी खाली पिठासारखा भुसा पडतो. कोरड्या ब्रशने झटका आणि हवेशीर जागी ठेवा.

आता कोणी म्हणेल, एक कळशी ती काय, एवढं मनाला लावून घ्यायचं? त्यांच्यासाठी एक जागा सांगतो. वेल्ह्याहून परत येताना मार्गासनी मागे टाकून नसरापूरला आलात की तिथे बनेश्वर आहे. देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. तिथे एक मोठी घंटा आहे, तिच्यावर क्रॉस आणि 1683 हे साल आहे. शंकराच्या देवळात क्रॉस! चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेनंतर अशा घंटा आपल्याकडच्या देवळांत आल्या. ती घंटा कुणा उत्साही भक्ताने माझ्यासारखी मशीनवर घासून आणली असती तर? घंटा राहिली असती, चकचकीत दिसली असती, वाजलीही असती. पण ती कुठून आली हे सांगायला तिच्या अंगावर काहीच उरलं नसतं.

आत्याकडे अजून एक डबा, दोन पातेली आणि एक तांब्या आहे. परवा ते मीच घासले, हाताने, चिंचेने. पण आधी उजेडात नेऊन चारी बाजूंनी बघितले, फोटो काढले. तांब्याच्या बुडाशी कुणाचं तरी नाव निघालं. आत्यालाही ते कोण हे आठवेना. त्या भागावर नुसतं बोट फिरवलं आणि तेवढं काळंच ठेवलं.

कळशी हॉलमध्येच आहे. नाव परत घालून आणू का, असं आत्याला विचारलं. ती म्हणाली, "आता तू घातलेलं ते. आईचं ते आईचं होतं." मग तिच्याकडून ते नाव लिहून घेतलं, तिच्याच अक्षरात, आणि कागद कळशीत टाकून ठेवलाय.

तुमच्या घरी माळ्यावर काही असेल तर या रविवारी खाली काढा. घासू नका. आधी वाचा.