बोल्ट जाड नको, खोल हवा

उंब्रजच्या शिवारात महामार्गाच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या शेड उभ्या राहत आहेत: गोदामे, गॅरेजे, पोल्ट्री, गुऱ्हाळे. पायाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. सांगाडा लोखंडी आहे, तो आपल्या वजनानेच बसतो. बोल्ट फक्त खांब सरकू नये म्हणून. मजबुती हवी तर बोल्ट जाड घ्या, झाले.

या म्हणण्याच्या मुळाशीच चूक आहे. पत्र्याची शेड जड नसतेच. पत्रे, पर्लिन आणि कैच्या मिळून चौरस मीटरला पंधरा-वीस किलो भरतात. उलट आपल्या भागासाठी भारतीय मानक 875 सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर वारा धरायला सांगते. त्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या घरात जातो. मोठे दार उघडे असेल तर आत शिरलेला वारा छताला खालून रेटतो आणि वरून जाणारा ते ओढतो. चाळीस फूट रुंदीच्या शेडमध्ये सोळा फुटांवर खांब असले तर एका खांबाच्या वाट्याला सुमारे तीस चौरस मीटर छत येते. वजन वजा करूनही मोटामोटी दोन टनांची ओढ उरते, आणि ती वरच्या दिशेला असते.

‘आपण कोयनेच्या पट्ट्यातले, भूकंपाचे बघा’ असेही सांगतात. 11 डिसेंबर 1967 ची पहाट इथे कोणी विसरलेले नाही आणि विसरूही नये. पण भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात लागतो. दगडी घराला तो पाडतो. हलक्या शेडचा खरा वैरी वळवाचे वादळ.

आता जाडीचे. 20 मिलिमीटरचा साधा 4.6 ग्रेडचा बोल्ट ताणात एकटा जवळपास सात टन घेतो. म्हणजे अशा साध्या शेडमध्ये पोलाद बहुधा कमी पडत नाही. कमी पडते ते काँक्रीट. ओढ बसली की बोल्टाभोवतीचा शंकूसारखा तुकडा उखडतो, आणि त्याची ताकद बोल्टाच्या जाडीवर नव्हे, खोलीवर ठरते: खोली दुप्पट केली तर ती सुमारे 2.8 पट होते. अट एवढीच की बोल्टापासून कडेपर्यंत खोलीच्या दीडपट अंतर हवे. अरुंद पेडेस्टलमध्ये ते मिळत नाही, म्हणून तिथे उभ्या सळया आणि रिंगा बोल्टाच्या लगत घालाव्याच लागतात.

त्याहून वाईट म्हणजे टीएमटी सळईला आटे पाडून केलेला बोल्ट. त्या सळईचे बळ तिच्या बाहेरच्या कठीण कवचात असते, आणि आटे पाडताना नेमके तेच कापले जाते. नंतर ड्रिल मारून ठोकलेला एक्स्पान्शन फास्टनर फुगून काँक्रीटला बाजूला रेटतो. कडेजवळ तो काँक्रीटच फोडतो. केमिकल अँकरला माझा विरोध नाही, पण भोकातली धूळ पूर्ण काढली नाही तर तो धुळीलाच चिकटतो.

मग घ्यायचे काय? खाली वाकवलेल्या जे-बोल्टाचा आकडा जास्त ओढीत सरळ होऊ शकतो. त्यापेक्षा सरळ बोल्टाच्या तळाला नट आणि प्लेट असावी. काँक्रीट ओतण्याआधी चारही बोल्ट पत्र्याच्या टेम्प्लेटमध्ये घट्ट बसवावेत, म्हणजे पुढे बेसप्लेटची भोके गॅस कटरने मोठी करायची वेळ येत नाही. बेसप्लेटखाली आक्रसत नाही असे ग्राउट, वर वॉशर आणि दुहेरी नट.

आणि फुटिंगचे वजन मोजावे. दोन फूट लांब-रुंद, तीन फूट खोल काँक्रीटचा खड्डा साधारण आठशे किलो भरतो. दोन टनांच्या ओढीपुढे बोल्ट टिकला तरी पायाच वर येईल. 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 माणसे गेली, तेव्हाही चौकशीत बोट अपुऱ्या पायाकडेच गेले.

खरी गोची कामाच्या वाटणीत आहे. सांगाडा फॅब्रिकेटर करतो, पाया गवंडी भरतो, आणि खांबाखालची वरची ओढ दोघांपैकी कोणीच कागदावर मांडत नाही. मालकाने खड्डे खणण्यापूर्वी फॅब्रिकेटरकडून प्रत्येक खांबाच्या तळाचे बळ, वर जाणाऱ्या बाणासकट, लिहून घ्यावे आणि तोच कागद पाया काढणाऱ्या इंजिनिअरच्या हातात द्यावा.