डावीकडे म्हणजे कुणाच्या?

नवऱ्यानं गाडी चालवायची आणि बायकोनं शेजारी बसून नसलेल्या ब्रेकवर पाय दाबायचा, ही आपल्याकडची जुनी वाटणी. ऑफ-रोडिंगच्या मेळाव्यात ती पहिल्याच चढाला मोडते, कारण तिथं एकाला गाडीतून उतरून पुढं उभं राहावंच लागतं. या उतरणाऱ्याला स्पॉटर म्हणतात. बॉनेटच्या पलीकडचे दगड आणि चाकाखालचा खड्डा स्टिअरिंगवरच्या माणसाला दिसत नाहीत, ते स्पॉटरला दिसतात. आमच्याकडे स्टिअरिंगवर मी होते आणि समोर चिखलात उभा राहून हातवारे करणारा नवरा.

मावळात, पवना धरणाच्या बाजूला, एका शेतकऱ्याच्या पडीक माळावर हा शनिवार-रविवारचा जमाव जमला होता. नव्या थार आणि जिम्नी होत्या, एखादी गुरखा होती, आणि आमच्यासारख्यांच्या जुन्या जिप्स्या. 1985 साली आलेली जिप्सी सामान्य गिऱ्हाइकासाठी 2019 मध्ये बंद झाली, तरी अशा ठिकाणी तिचा मान टिकून आहे. वजन जेमतेम टनाच्या आसपास, त्यामुळे जड गाड्या रुतून बसतात तिथून ही उड्या मारत निघते. कमरेचं काय होतं ते विचारू नका.

माळावर शिरण्याआधी सगळ्यांनी टायरची हवा निम्म्याच्या जवळपास उतरवली. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीवर त्याचा जास्त भाग टेकतो आणि पकड वाढते. मग गिअर फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना संथ पण जोरात ओढणाऱ्या जोडणीत. चाकाला मिळणारा जोर बराच वाढतो, पण वेग माणसाच्या चालीइतका उरतो. रीलमध्ये चिखल उडवत जाणारी गाडी दिसते, ती या खेळाची जाहिरात आहे; खेळ संथ आहे. मेळाव्याच्या मार्शलनं आणखी एक बजावलं होतं. अंगठे स्टिअरिंगच्या आत गुंतवायचे नाहीत. चाक दगडावर आदळून स्टिअरिंग उलटं फिरलं, तर अंगठा मोडू शकतो.

स्पॉटरचा नियम एकच: बोलायचं एकानंच. बाकीचे कितीही जाणते असले तरी गप्प. डावीकडे-उजवीकडे असं म्हणायचंच नाही, कारण समोरासमोर उभ्या दोन माणसांची डावी बाजू एक नसते. 'ड्रायव्हर साइड', 'पॅसेंजर साइड' एवढंच. मूठ वर केली की जागच्या जागी थांबायचं, कारण विचारायचं नाही. आमच्या घरात कारण न विचारता कुणी काही केल्याचं मला आठवत नाही. ओढ्याच्या चढावर मात्र ते जमलं. त्याची मूठ वर गेली, मी थांबले. डावं मागचं चाक हवेत लटकत होतं. जिप्सीला डिफरन्शियल लॉक, म्हणजे जोडीतली दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ, नाही. त्यामुळे मागच्या जोडीतलं मोकळं चाक गरगरतं आणि टेकलेलं चाक नुसतं बघत बसतं. हातभर मागं घेऊन, वेगळ्या रेषेनं पुन्हा चढवली. त्यात दोघांपैकी कुणीही आवाज चढवला नाही, हे शेजारच्या तंबूतल्या जोडप्याला रात्री खरं वाटेना.

एक दणकट गाडी काळ्या चिखलात पोटावर बसली. विंचचा दोर लावला, तुटला तर उसळू नये म्हणून त्यावर जाड सतरंजी टाकली, सगळ्यांना लांब उभं केलं, तरी गाडी हलेना. बांधावर बसलेल्या आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पोरांनो, ट्रॅक्टर आणू का?" त्यांच्या नातवानं आणला. गाडी निघाली. रात्रीच्या पिठलं-भाकरीला सगळ्यात जास्त मान त्या ट्रॅक्टरवाल्या नातवाला होता, आणि तो योग्यच होता.

हे सगळं मालकाला विचारून, आखलेल्या वाटेवर चाललं होतं, म्हणून त्यात मजा होती. अलीकडे नवी थार घेतली की ती सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, किंवा किनाऱ्याच्या वाळूत घालायची हौस दिसते. सड्यावरच्या कातळावर मातीचा थर काही बोटांचाच असतो. पावसाळी फुलं त्याच्याच जिवावर येतात. एकदा चाकं फिरली की तो थर धुऊन जायला एक पाऊस पुरतो. कास पठार 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, पण शेजारच्या बिननावाच्या सड्याची मातीही तेवढीच पातळ आहे. गाडी नवी असेल, तर आधी अशा मेळाव्यात जा, एक दिवस दुसऱ्याच्या शेजारी बसून बघा, आणि सड्यावर जायचं असेल तर पायी जा.