उमेदवाराच्या हातातील लेखणी

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० लागू झाल्यानंतर पदवीच्या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले. जनसंपर्क हा विषय घेतलेले विद्यार्थी त्यासाठी जनसंपर्क संस्थांत उमेदवारी करतात. पहिले विद्यावेतन हाती पडते, घरात पेढे वाटले जातात आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु आपला मुलगा वा मुलगी तेथे नेमके काय लिहिते, कोणासाठी लिहिते आणि त्या मजकुराखाली नाव कोणाचे पडते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. साबणाची जाहिरात करणे वेगळे आणि संपूर्ण उद्योगाच्या बाजूने लोकमत वळविण्याची, कायद्याचा मसुदा बदलून घेण्याची मोहीम चालविणे वेगळे. पहिल्या ठिकाणी फसगत झाली तर एका ग्राहकाचे चार पैसे जातात. दुसऱ्या ठिकाणी झाली तर सबंध समाजाचा निर्णय चुकतो.

मग उद्योगांनी आपली बाजू मांडूच नये काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि नवापूरपासून शेकडो कोस दूर असलेल्या बाजारांतही अंडी व कोंबडीचे मांस कोणी घेईना. कर्ज काढून पोल्ट्री उभारलेल्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. अशा वेळी, नीट शिजविलेल्या अन्नात हा विषाणू टिकत नाही, सत्तर अंश तापमानाला तो नष्ट होतो, हे लोकांना सांगणे आवश्यक होते. व्यवसायाने ते सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला तोच होता. हे प्रचारकार्य स्वार्थाचे असूनही सत्याचे होते, म्हणून समाजाच्या हिताचे ठरले.

परंतु याच प्रकरणाला दुसरी बाजूही आहे. प्रारंभीच्या दिवसांत हा बर्ड फ्लू नव्हेच, ही नेहमीची राणीखेत आहे, असा सूर त्याच व्यवसायातून निघत होता. भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालाने तो खोटा ठरविला. ज्यांनी काल ‘रोग नाही’ असे सांगितले, त्यांच्या ‘शिजवून खा, धोका नाही’ या आजच्या खऱ्या सांगण्यावर लोकांनी विश्वास कसा ठेवावा? सत्याचा खप कमी होण्याचे कारण बहुधा आधी विकलेले असत्य हेच असते.

असत्य जेव्हा घाईचे न राहता योजनेचे होते, तेव्हा काय घडते, हे अमेरिकेतील तंबाखू उद्योगाने दाखविले आहे. डिसेंबर १९५३मध्ये कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कमध्ये एकत्र आले. त्यांनी जनसंपर्क संस्था नेमली आणि ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत निवेदन छापले. लोकांचे आरोग्य हीच आपली पहिली जबाबदारी असल्याचे त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात पुढील कित्येक दशके धूम्रपान आणि कर्करोग यांच्या संबंधाविषयी शंका पेरत राहण्याचे काम चालले. संशय निर्माण करणे हाच आपला माल आहे, अशा आशयाची कबुली १९६९च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात सापडली. २००६मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने या कंपन्यांनी जनतेची दीर्घकाळ फसवणूक केल्याचा निर्वाळा दिला. या बावन्न वर्षांत ती निवेदने, पत्रके, भाषणे कोणीतरी लिहिलीच असतील. त्यांतील अनेकांनी ‘आपण केवळ शब्द जुळवितो’ असेच समाधान मानले असेल.

शब्द जुळविणाऱ्याची जबाबदारी नसते, हा समज किती फसवा आहे, ते २००९मधील एका प्रकरणाने स्पष्ट होते. अमेरिकी संसदेत हवामानविषयक विधेयक चर्चेला असताना खासदारांना विरोधाची पत्रे गेली. ती स्थानिक सामाजिक संस्थांच्या नावाने होती; पण त्या संस्थांनी ती लिहिलीच नव्हती. कोळसा व वीज उद्योगाच्या संघटनेसाठी काम करणाऱ्या एका लॉबिंग संस्थेतून ही डझनभर बनावट पत्रे निघाली होती. मतदानापूर्वीच संघटनेला हे समजले, खासदारांना मात्र मतदान होऊन गेल्यावर कळले. आणि दोष कोणावर गेला? त्या लॉबिंग संस्थेने बोट दाखविले ते एका तात्पुरत्या कर्मचाऱ्याकडे. मोहिमेचे पैसे, आराखडा, वरिष्ठांची घाई हे सारे मागे राहिले आणि सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस तेवढा पुढे केला गेला. उमेदवारी करणाऱ्या प्रत्येक तरुणाने ही घटना ध्यानात ठेवावी.

आपल्या देशात या व्यवसायाला आचारसंहिता नाही असे नव्हे. १९६८ साली दिल्लीत झालेल्या अखिल भारतीय जनसंपर्क परिषदेत ती स्वीकारली गेली आणि त्याच स्मरणार्थ २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. मात्र भिंतीवर टांगलेली संहिता आणि अंगवळणी पडलेला आचार यांत अंतर असते. ते अंतर कमी करण्याचे वय विद्यार्थिदशेचेच आहे. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी उमेदवाराने तीन गोष्टी विचाराव्यात. हा मजकूर खरा आहे याची खातरजमा कोणी केली? तो ज्याच्या नावाने जाणार, त्याला तो ठाऊक आणि मान्य आहे काय? पैसा कोणाचा आहे, हे वाचणाऱ्याला कळणार आहे काय? या तिन्हींना सरळ उत्तर मिळाले तर काम निःशंकपणे करावे. उद्योगाची बाजू समर्थपणे मांडणे हीदेखील देशसेवाच आहे. उत्तर टाळले गेले, तर नकार देण्याचे धैर्य दाखवावे.

हे धैर्य एकट्या विशीतल्या मुलाकडून अपेक्षिणे मात्र योग्य नव्हे. असा नकार देणाऱ्याचे श्रेयांक बुडणार नाहीत, याची हमी महाविद्यालयाने दिली पाहिजे. ‘नोकरी टिकव, बाकीचे वरिष्ठ बघतील’ हा उपदेश आई-वडिलांनी आवरला पाहिजे. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताना धर्मराजाचाही रथ जमिनीवर आला, ही कथा आपण घरोघरी सांगतो. ती सांगून मुलाला अर्धसत्याच्या रोजगारावर धाडणे आपल्याला शोभणारे नाही. प्रचाराची विद्या जगाकडून अवश्य शिकावी. परंतु ज्याच्यापर्यंत तो प्रचार पोहोचणार आहे, तो आपलाच समाज आहे, हे लिहिणाऱ्या हाताने कधीही विसरू नये.