तो मुद्दाम करत नाही!

बालमित्रांनो,

या आठवड्याच्या टपालात एक जाडजूड पाकीट होतं. आत वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी गच्च भरलेली. पत्र आठवीतल्या एका मुलीचं आहे. ‘नाव छापू नका हं काका,’ असं तिनं बजावलंय, म्हणून आपण तिला नुसतं ताई म्हणू. कारण पत्र आहे तिच्या चौथीतल्या धाकट्या भावाबद्दल.

ताई लिहिते, की गणपतीच्या सुट्टीत भावाला ताप आला, घसा इतका दुखला की मोदकसुद्धा गिळवेना. डॉक्टरांनी औषध दिलं. दोन दिवसांत ताप उतरला आणि उरलेल्या गोळ्या कपाटात तशाच राहिल्या. पुढे तीन आठवड्यांनी एका सकाळी तो एकदम डोळे मिचकावायला लागला. मग मान झटकणं सुरू झालं, मग घशातून ‘हं, हं’ असा आवाज. आजी म्हणाली, दृष्ट लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, जंत झाले असतील. बाबा म्हणाले, मोबाइल बंद करा. वर्गात बाई रागावल्या, ‘नकला करतोस का?’ म्हणून बाहेर उभं केलं. आता तो शाळेत जायचं म्हटलं की रडतो.

ताईचे प्रश्न दोन. भावाला झालंय काय? आणि हे त्या तापामुळे झालं का?

पहिल्या प्रश्नाआधी एक प्रयोग करा. समोरच्या भिंतीकडे बघा आणि डोळे अजिबात मिटू नका. थोडा वेळ जमतं. मग डोळे चुरचुरतात, पाणी येतं आणि शेवटी पापण्या मिटतातच. उलट रोखून धरल्यावर दोन-चार वेळा जास्तच! आता कुणी तुम्हाला म्हणालं, ‘तू हे मुद्दाम केलंस,’ तर?

ताई वर्णन करते तशा हालचालींना डॉक्टर ‘टिक’ म्हणतात. घड्याळाच्या टिकटिकीशी तिचा काही संबंध नाही बरं का! तीच ती हालचाल किंवा तोच तो आवाज पुन्हा पुन्हा होतो. आधी आतून उबळ येते, शिंक येण्याआधी येते तशी. मूल ती थोडा वेळ दाबू शकतं. म्हणूनच मोठ्यांना वाटतं, ‘बघा, मनात आणलं तर थांबवता येतं की!’ पण दाबलेली शिंक कितीशी थांबणार? त्यातून कुणी ओरडलं, टक लावून बघितलं की ताण येतो आणि टिक वाढते. लहान वयात टिक येणं तसं दुर्मीळ नाही. पुष्कळ मुलांची काही महिन्यांत आपोआप जाते. काहींची राहते, पण मोठेपणी बहुतेकांची कमी होते.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी जरा मागे, थेट इंग्लंडात जाऊ.

१६८६ साली थॉमस सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरनं मुलांच्या एका विचित्र आजाराचं वर्णन लिहून ठेवलं. मुलाचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात. पाण्याचा पेला तोंडाशी न्यायचा, तर हात भलतीकडेच जातो. त्या काळी रोगजंतू म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे दोनशे-अडीचशे वर्षांत एकेक धागा जुळत गेला. हा आजार सांधेदुखीच्या तापाबरोबर येतो आणि त्या तापाचं मूळ घशात असतं! स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूंमुळे घसा सुजतो. शरीरातले शिपाई जंतूंशी लढतात, पण या जंतूंचे काही भाग आपल्याच शरीराच्या काही भागांसारखे दिसतात. शिपायांची गफलत होते आणि ते घरच्यांवरच लाठी चालवतात. कधी सांध्यांवर, कधी हृदयाच्या झडपांवर, कधी मेंदूत खोलवर हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या भागावर.

पण सिडनहॅमच्या आजारातली हालचाल टिकसारखी तीच ती नसते, ती कशीही, कुठेही होते. मग घसा दुखल्यावर टिकसुद्धा येऊ शकते का? अमेरिकेतल्या सुसान स्वीडो या डॉक्टरबाईंनी नेमका हाच प्रश्न धरला. १९९८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास मुलांची माहिती छापली. घशाच्या संसर्गानंतर या मुलांमध्ये टिक किंवा पुन्हा पुन्हा हात धुण्यासारखे चाळे एकाएकी सुरू झाले होते किंवा वाढले होते. आजाराचं नाव लांबलचक होतं. त्याची आद्याक्षरं जुळवून शब्द झाला ‘पांडाज’. हो, त्या काळ्यापांढऱ्या अस्वलासारखाच!

झालं तर मग, सापडलं उत्तर! थांबा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असंही होतं ना? शाळेतल्या मुलांचा घसा वारंवार दुखतो आणि टिकही पुष्कळांना येते. दोन्ही गोष्टी नुसत्या योगायोगानं पाठोपाठ येऊ शकतात. इतर डॉक्टरांनी अशा मुलांवर बराच काळ लक्ष ठेवलं, तेव्हा बहुतेक वेळा टिक वाढण्याचा त्या जंतूंशी मेळ बसला नाही. काही थोड्या वेळा बसला. म्हणून २०१२ साली स्वीडोबाईंनी आणि इतरांनी अधिक व्यापक नाव सुचवलं, त्यात ‘एकाएकी सुरुवात’ महत्त्वाची ठरवली आणि जंतूंची अट काढली. डॉक्टरांमधला हा वाद अजून मिटलेला नाही.

तेव्हा ताई, ‘तापामुळेच झालं’ असं पत्र वाचून मी सांगू शकत नाही. ‘तापाचा संबंधच नाही’ असंही नाही. पण तू एक काम फार छान केलंस. आई दुधाचे खाडे मांडते त्या कॅलेंडरवरून तू तापाची तारीख शोधलीस. आता एक वही घाल. टिक कधी सुरू झाली, कोणती, कधी वाढते, झोपेत थांबते का, आणखी काय बदललं, सगळं लिही. ती वही आई-बाबांबरोबर मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊ दे. तपासताना तिचा त्यांना फार उपयोग होईल.

आई-बाबांसाठी दोन शब्द. टिक एकाएकी सुरू झाली आणि जोडीला भलती भीती, खाणं सोडणं, अक्षर बिघडणं, वारंवार लघवीला जाणं असं काही दिसलं, तर डॉक्टरांकडे लगेच जा. हातातून वस्तू पडणं, सांधे सुजणं, धाप लागणं असेल तर मुळीच थांबू नका. मग हृदयही तपासावं लागतं. रक्ताच्या तपासणीत आकडा जास्त आला, तर जंतू पूर्वी येऊन गेले एवढंच बहुधा कळतं. टिक त्यांनीच आणली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. घसादुखीवर डॉक्टरांनी दिलेलं औषध सांगितलं तितके दिवस पूर्ण द्या. कपाटातल्या जुन्या गोळ्या मात्र आपल्या मनानं देऊ नका. टिक फार त्रास देत असेल, तर उबळ ओळखून त्या जागी दुसरी हालचाल करायला शिकवणारे तज्ज्ञ असतात. गरज पडली तर औषधंही आहेत.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी? कारण शोधायला डॉक्टरांनाही वेळ लागेल. कदाचित पक्कं कारण सापडणारही नाही. पण तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा असेल, तर त्याच्या टिककडे न बघता त्याच्याशी नेहमीसारखं बोलणं, डब्यात वाटा देणं, मधल्या सुट्टीत खेळायला बोलावणं, यासाठी कुठल्याही तपासणीची वाट बघावी लागत नाही.

ताई, हा अंक बाईंना वाचायला दे. रागानं नको, नम्रपणे. बाईंना हे ठाऊक नसेल, इतकंच. आणि भाऊ पुन्हा शाळेत जायला लागला, की मला एक पत्र टाक. एका पानाचं असलं तरी चालेल!

तुमचा,
डॉक्टरकाका