मातीतला मल्ल आणि गादीवरचा निकाल

पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये 2024 साली कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक पटकाविले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राची छाती अभिमानाने फुलून आली. हेलसिंकी येथे 1952 साली खाशाबा जाधवांनी मिळविलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या सुपुत्राने मिळविलेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक! पण या दोन पदकांमध्ये 72 वर्षांचे अंतर आहे, हे ज्या अभिमानाने सांगितले गेले, त्याहून अधिक लाजेने सांगावयास हवे होते. या 72 वर्षांत महाराष्ट्रातील मनगटे काय दुबळी झाली होती? आमच्या तालमी ओस पडल्या होत्या? मुळीच नाही. मनगटे होती तशीच राहिली. बदलली ती साधने, आणि त्या बदलाची दखल आम्ही वेळेवर घेतली नाही.

खाशाबांचीच कथा पाहावी. गोळेश्वरच्या मातीत घडलेला हा मल्ल 1948 साली लंडनला गेला, तेव्हा त्याच्यापुढे प्रतिस्पर्ध्याच्याही आधी उभी राहिली ती गादी. मातीत पाय रुततो, मल्ल अनवाणी लढतो आणि पाठ टेकेपर्यंत झुंज चालते. गादीवर पायात बूट असतात, चपळाईला मोल असते, मिनिटे मोजली जातात आणि गुणांवर निकाल लागतो. दोन्हींना आपण कुस्तीच म्हणतो. पण ती एकच कुस्ती नव्हे! अशा परक्या भूमीवर खाशाबांनी सहावा क्रमांक मिळविला आणि चार वर्षांनी पदक आणले. त्या दुसऱ्या प्रवासाचा खर्च भागविण्यासाठी त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना स्वतःचे घर गहाण टाकावे लागले. पराक्रम खाशाबांचा, त्याग गुरुजनांचा. शासनाच्या वाट्याला मात्र टाळ्या वाजविण्याचे काम तेवढे आले!

जे कुस्तीत एका मल्लाच्या वाट्याला आले, ते हॉकीत साऱ्या राष्ट्राच्या वाट्याला आले. 1928 पासून 1956 पर्यंत सलग सहा सुवर्णपदके जिंकणारा, 1975 साली विश्वचषक उंचावणारा भारत 1976 साली माँट्रियलला सातव्या क्रमांकावर फेकला गेला. ऑलिंपिकची हॉकी त्या वर्षी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. गवतावर चेंडू मंदावतो, उसळतो, आणि स्टिकच्या टोकाशी तो खेळविण्याची आमची कला तेथे फुलते. कृत्रिम हिरवळीवर चेंडू बाणासारखा सरळ धावतो. तेथे वेग, दमसास आणि जोरदार फटका यांचे राज्य चालते. आमच्या ऱ्हासाची सारी कारणे त्या हिरवळीत होती, असे आम्ही म्हणणार नाही. संघबांधणीतील दोष होतेच, आणि पुढे 1980 साली अनेक बलाढ्य देशांच्या अनुपस्थितीत मॉस्कोला सुवर्णपदकही मिळाले. परंतु त्यानंतरचे पदक उजाडावयास 2021 साल लागले, ही गोष्ट कोणाला नाकारता येईल? जे मैदान परदेशातील शाळकरी मुलांच्या पायांखाली होते, ते आमच्या खेड्यांतील मुलांनी वर्षानुवर्षे पाहिलेही नव्हते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आता तर साधनांची ही शर्यत बुटाच्या तळव्यापर्यंत येऊन ठेपली आहे. 1960 साली रोम येथे इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली आणि विश्वविक्रम केला. 2019 साली व्हिएन्ना येथे केनियाच्या एलिउड किपचोगेने तेच अंतर 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत कापले. वेग राखून देणारे धावपटू सोबत असल्यामुळे तो अधिकृत विक्रम ठरला नाही. पण जगाचे डोळे खिळले ते त्याच्या पायांतील जाड, लवचीक तळव्याच्या आणि कार्बनची पट्टी बसविलेल्या बुटांवर. अशा बुटांमुळे धावण्यास लागणारी ऊर्जा सुमारे 4 टक्क्यांनी वाचते, असे प्रयोगशाळेतील मोजणीत आढळले होते. जेथे क्षणाच्या अंशाने पदक हुकते, तेथे 4 टक्के म्हणजे केवढे अंतर!

यावर काही मंडळी म्हणतील की, यंत्राने खेळ बाटला, तेव्हा परत मातीकडे चला. हा विचार आम्हांस मान्य नाही. गादीमुळे दुखापती कमी होतात, नव्या साधनांनी माणसाची शक्ती अधिक नेमकी मोजता येते. साधन हा शत्रू नव्हे. साधन मूठभरांच्या हाती राहणे हा अन्याय होय. आणि हा अन्याय नियमांनी रोखता येतो. 2009 साली रोमच्या जागतिक जलतरण स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या पोशाखांच्या बळावर 43 विश्वविक्रम झाले, तेव्हा जलतरण महासंघाने 2010 पासून ते पोशाख बंदच केले. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनेही 2020 साली रस्त्यावरील शर्यतींच्या बुटांचा तळवा 40 मिलिमीटरपेक्षा जाड असू नये, त्यात एकाहून अधिक पट्टी नसावी, असा दंडक घातला. जे साधन खुल्या बाजारात कोणालाही मिळत नाही, ते स्पर्धेतही नको, हे तत्त्व प्रत्येक खेळात भारताने आग्रहाने मांडले पाहिजे.

परंतु जगाला न्याय मागताना घरातील अन्यायाचे काय? बाजारात मिळणारे साधन शेतमजुराच्या मुलीच्या हाती पडणार नसेल, तर तो बाजार तिच्यासाठी बंदच आहे. महाराष्ट्र केसरीत आज माती आणि गादी असे दोन विभाग आहेत. पण गावोगावच्या किती तालमींत गादी अंथरलेली आहे? ओडिशाने सुंदरगडसारख्या आदिवासी जिल्ह्यात हॉकीची कृत्रिम मैदाने उभारली. हे महाराष्ट्राला अशक्य का असावे? स्वप्नील कुसाळे हा शेतकरी कुटुंबांशी नाते सांगणाऱ्या गावातला मुलगा. महागडी रायफल आणि खास पोशाख लागणाऱ्या खेळात तो उभा राहिला, त्याच्या वाटचालीत राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीचा वाटा आहे. शासनाने हात दिला की काय होते, याचा हा धडधडीत पुरावा आहे!

भारताने 2036 च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळविण्यासाठी 2024 साली इरादापत्र दिले. यजमान होण्याची आकांक्षा स्तुत्य आहे. पण तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला पाहुण्यांच्या पंक्ती उठविता येत नाहीत. 2036 साली जे मैदानात उतरतील, ती मुले आज प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत आहेत. त्यांच्या तालुक्यात गादी, त्यांच्या जिल्ह्यात हिरवळ, आणि त्यांच्या पायांत योग्य बूट आजच पोहोचले पाहिजेत. भव्य क्रीडागारे मागाहून बांधता येतील; उलटून गेलेले बालपण मागाहून बांधता येत नाही. कोणा प्राचार्याला पुन्हा आपले घर गहाण टाकावे न लागो, एवढी तरी लाज महाराष्ट्राने राखावी!