आयावास्का आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला आयावास्का या वेलीचा काढा आता अ‍ॅनोरेक्सिया आणि बुलिमियावरचा उतारा म्हणून सांगितला जातो. मानसोपचार वरवर खरवडतो, वेल मुळाशी जाते, असा प्रचारकांचा दावा. पुराव्यादाखल २०१७च्या एका अभ्यासाकडे बोट दाखवलं जातं.

अभ्यास खरा आहे. पण त्यात आहे काय? पूर्वी आहारविकाराचं निदान झालेल्या आणि विधीत बसून काढा प्यायलेल्या १६ जणांच्या मुलाखती. अनेकांनी झटपट सुधारणा झाल्याचं सांगितलं. मात्र तुलनेला दुसरा गट नाही, आणि ज्यांना त्रास झाला ते अशा मुलाखतीला बहुधा फिरकतच नाहीत. संशोधकांनी आपलं काम प्राथमिक शोध म्हणूनच मांडलं. त्याचा सिद्धान्त केला तो प्रचारकांनी.

शरीराचा हिशेब तर ते मांडतच नाहीत. वेलीतले हार्मिन आणि हार्मलिन मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर रोखतात, म्हणूनच काढ्यात घातलेल्या चाक्रुनाच्या पानांतलं डीएमटी हे भ्रमजनक द्रव्य पोटात नष्ट न होता मेंदूपर्यंत पोचतं. हेच रोखणं फ्लुओक्सेटिन घेणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं, आणि बुलिमियावर नेमकी हीच गोळी सर्रास दिली जाते. गोळी बंद केली तरी तिचा अंमल काही आठवडे उतरत नाही. शिवाय रोजच्या ओकाऱ्यांनी जिचं पोटॅशियम घसरलंय, हृदयाचे ठोके चुकताहेत, तिला या काढ्याने रात्रभर आणखी ओकायला लावायचं? विधीआधीचं पथ्यही बघा: मीठ, साखर, डुकराचं मांस वर्ज्य. घासघास मोजणाऱ्या आजाराला ही आयती पवित्र परवानगी झाली. (आपल्याकडे ती उपासाच्या नावाने मिळते आणि घरचे वर कौतुक करतात.) विधीतली ओकारी आजारातल्या ओकारीसारखी वाटली नाही, असं मुलाखतींत सांगितलं गेलं. मला ते खोटं वाटत नाही. पण पोटॅशियमला हेतू कळत नाही.

मग सगळं थोतांड म्हणून झटकावं? तेही पटत नाही. अ‍ॅनोरेक्सियावर आजही मान्यताप्राप्त औषध नाही, आणि बोलण्याच्या उपचारांनी कितीतरी जणी बऱ्या होत नाहीत. ब्राझीलच्या नाताल शहरात औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २९ रुग्णांवर चाचणी झाली. आयावास्का घेतलेल्यांची प्रकृती आठवड्याभरात प्लासिबो गटापेक्षा अधिक सुधारली. २०२३मध्ये सॅन डिएगोत अ‍ॅनोरेक्सियाच्या १० स्त्रियांना मानसिक आधारासह सायलोसायबिन या दुसऱ्या भ्रमजनक द्रव्याचा एकच डोस दिला. तीन महिन्यांनी चौघींची लक्षणं लक्षणीय घटली होती. वजनात मात्र सगळ्यांचा सारखा फरक पडला नाही. मनाची गाठ सैल झाली म्हणून घास आपोआप तोंडात जात नाही.

म्हणूनच मला पेरूतल्या तारापोतोचं ताकिवासी केंद्र महत्त्वाचं वाटतं. १९९२पासून तिथे व्यसनी माणसं महिनोन् महिने एकत्र राहतात; वनस्पती, मानसोपचार आणि सामूहिक जीवन अशा तिहेरी आधारावर उपचार चालतो. विधी हा त्यातला एक भाग. आहारविकारातही त्याला जागा द्यायची तर आधी वजन, पोटॅशियम आणि ईसीजी, मग नियमित जेवण, आणि नंतरच रात्रीचा विधी. तोही वैद्यकीय देखरेखीखाली, इकारो ही विधीची गाणी गाणाऱ्या वैदूने डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाशी आधी बोलून. आयावास्काच्या शिबिराचे पैसे भरण्याआधी आईबापांनी विचारावं: दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्यासमोर जेवायला कोण बसणार आहे?